शेवटच्या बाकावरची आत्या

माझी आत्या रफू करायची. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक, खिळ्यात अडकून फाटलेली बाही, उंदरानं कुरतडलेली शाल, असलं काहीही तिच्याकडे द्यावं आणि चार दिवसांनी घ्यायला जावं. नेमकं कुठे फाटलं होतं ते मग मालकालाही सापडायचं नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे एक टेबल, एक दिवा, दोऱ्यांचा डबा आणि गिऱ्हाइकासाठी एक डगमगतं स्टूल. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, की म्हणायची, "वेळच मिळाला नाही." हे खरंही असावं, कारण तिच्या सगळ्या दुपारी कोर्टात जायच्या.

म्हणजे तिच्यावर खटला वगैरे नव्हता, आणि तिनंही कुणाला कोर्टात खेचलेलं नव्हतं. ती नुसती ऐकायला जायची. सुरुवात झाली ती एका वकिलांच्या काळ्या गाऊनपासून. तो रफू करून द्यायला ती गेली, तर वकील उसन्या गाऊनमध्ये आत उभे राहून बोलत होते. थांबायचं कुठे ते कळेना, म्हणून तिनं दारावरच्या पट्टेवाल्याला विचारलं, "आत बसलं तर चालेल का हो?"

"कोर्ट सगळ्यांचंच आहे, बाई," तो म्हणाला. "बसा की. फक्त बोलू नका."

आत दोन भावांचं भांडण चाललं होतं. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि ती कुणाची यावर दोघं इतक्या पोटतिडकीनं बोलत होते, की आत्या गाऊन मांडीवर घेऊन कोर्ट उठेपर्यंत बसून राहिली.

"मग भिंत कुणाची निघाली?" मी विचारलं होतं.

"पुढची तारीख पडली ना!" आत्या म्हणाली, आणि पुढच्या तारखेला पुन्हा गेली. भिंतीचा निकाल लागेपर्यंत तिला दुसऱ्या कितीतरी खटल्यांची चटक लागलेली होती.

ती कायम शेवटच्या बाकावर बसायची, खिडकीच्या बाजूला. सुई आत नेऊ द्यायचे नाहीत, त्यामुळे तिचे हात रिकामे असायचे आणि ती नुसतीच पदराचं टोक चाचपत राहायची. कोर्टातल्या लोकांनी तिचं नावच 'शेवटचा बाक' पाडलं. एखाद्या दिवशी ती गेली नाही, तर पट्टेवाला दुसऱ्या दिवशी चौकशी करायचा, "काल शेवटचा बाक कुठे गेला होता?" आमची आई मात्र कपाळाला हात लावायची. लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची हौस, दुसरं काय, असं तिचं मत. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. मैत्रिणींच्या आत्या बँकेत होत्या, दवाखान्यात होत्या, आणि माझी आत्या परक्या माणसांच्या खटल्यांत.

पण तिला भानगडींत रस नव्हताच. तिला एक वेगळंच कोडं पडलेलं होतं. "बघ हं," ती म्हणायची, "जे घडलं तेव्हा न्यायाधीश तिथे नव्हते. वकील नव्हते. मी तर नव्हतेच. आणि तरी आम्ही सगळे एका खोलीत बसून ठरवतो, की तिथे काय घडलं. कसं काय ठरवत असतील गं?" हे बोलताना तिचे डोळे असे चमकायचे, की समोरच्यालाही जरा कुतूहल वाटायला लागावं.

फौजदारी आणि दिवाणीतला फरकही मला तिनंच सांगितला. पहिल्या मजल्यावर फौजदारी, दुसऱ्यावर दिवाणी, एवढंच तोवर मला माहीत होतं. ती म्हणाली, "खाली सरकार विचारतं, या माणसाला शिक्षा करायची का? तिथे कापड उजेडात धरतात. एक जरी भोक दिसलं, तरी बाद. शंका राहिली की माणूस सुटला. वर दोन माणसं आपापसातलं घेऊन येतात. नुकसान कुणी भरायचं, भिंत कुणाची, असलं. तिथे दोन कापडं शेजारी शेजारी ठेवतात आणि त्यातलं बरं कुठलं ते बघतात. दोन्हींत भोकं असतात. ज्यात कमी, ते घ्यायचं."

"आणि एकच गोष्ट दोन्हीकडे गेली तर?"

"तर गंमत," आत्या म्हणाली. ही गंमत आमच्याच घरात शिरणार आहे, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आत्याहून धाकटे, कमी बोलणारे, हाताला कायम ग्रीसचा वास. त्या दिवशी एका निवासी इमारतीत लिफ्टचा ब्रेक त्यांनी उघडला होता. एक भाग झिजलेला निघाला. तो आणायला दुकानात जायचं, म्हणून त्यांनी तळमजल्यावरच्या पेटीतला मुख्य स्विच बंद केला आणि लिफ्टच्या दाराला पाटी अडकवली. पाटी म्हणजे लाल कापड, त्यावर आत्यानंच शिवलेली पांढरी अक्षरं: लिफ्ट बंद, काम चालू आहे. बाबा गेले. ते परत येईपर्यंत कुणीतरी स्विच चालू केला होता, पाटी कुठे दिसत नव्हती, आणि लिफ्ट वरून घसरून तळाला आदळली होती. आत एकच बाई होत्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या त्या. त्यांचं उजवं मनगट मोडलं, आणि ते पुन्हा नीट जुळलंच नाही.

बिल्डिंगचे मॅनेजर म्हणाले, पाटी लावलेली नव्हतीच, स्विचही चालूच होता. बाबा म्हणाले, दोन्ही मी केलं होतं. पोलिसांनी बाबांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. कंपनीनं त्यांना कामावरून काढलं नाही, पण लिफ्टला हात लावायचा नाही असं सांगून गोदामात बसवलं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना वर नेलं आणि खाली आणलं, तो नटबोल्टच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागला.

त्यांना तुरुंगाची भीती होती, नाही असं नाही. पण जेवताना घास हातात धरून ते एकच म्हणायचे, "मी पाटी लावली होती." आम्ही म्हणायचो, माहीत आहे. ते म्हणायचे, "तुम्हाला माहीत असून काय उपयोग? कुणीतरी तसं म्हणायला पाहिजे." त्यांना आपल्यावरचा ठपका पुसून हवा होता. बाकी सगळं त्यांच्या मते नंतरचं.

पाटी बघणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आत्या. कोर्टात जाता जाता बाबांचा डबा द्यायला ती त्या इमारतीत गेली होती. लाल कापड लिफ्टच्या दारावर लटकताना तिनं बघितलं होतं, आणि पेटीतला स्विच खाली ओढलेलाही. आमच्या वकील बाईंना हायसं वाटलं. पण त्यांनी आत्याला एक अट घातली. "तुम्ही साक्षीदार आहात. तुमची साक्ष होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्यांच्या साक्षी ऐकल्या, तर तुम्ही आपलं सांगणं त्यांच्याप्रमाणे बेतलंत असं म्हणायला समोरच्यांना वाव मिळतो."

"मला का माहीत नाही?" आत्या फुशारकीनं म्हणाली. "किती साक्षीदारांना पट्टेवाल्यानं बाहेर काढलेलं बघितलंय मी."

खटला उभा राहिला तेव्हा मला पहिलं नवल वाटलं ते त्याच्या नावाचं. सरकार विरुद्ध माझे बाबा. आमच्या बाबांचं सरकारशी कधी वाकडं नव्हतं. आणि ज्यांचा हात मोडला, त्या चित्रकलेच्या बाई या सगळ्यात नुसत्या साक्षीदार. त्या येऊन आपलं सांगून गेल्या, मनगट सगळ्यांना दाखवलं, आणि जाताना जरा गोंधळून बघत राहिल्या, हा खटला आपलाच ना, अशा. बाबा पिंजऱ्यात मान खाली घालून उभे होते. त्यांना त्या बाईंशी बोलायचं होतं. वकील बाईंनी सक्त मनाई केली होती. तुम्ही दिलगिरीचा एक शब्द बोललात, तरी तो कबुली म्हणून तुमच्यावर उलटेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बाजारात त्या बाई समोरून आल्या, की बाबा रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. बाईंना काय वाटत असेल, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आत्या बाहेर बसायची. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून एक लाकडी बाक होता, त्यावर. आत आपल्या भावाचा खटला, आणि जिनं अख्ख्या गावाचे खटले ऐकले ती दाराबाहेर. मी दुपारच्या सुट्टीत बाहेर आले, की ती माझ्याकडे नुसती बघायची. मी तोंड मिटून डबा उघडायचे. मला काही सांगायची बंदी होती, आणि तिला विचारायची.

तिनं बरेच दिवस दम धरला. आणि मग नेमका ज्या दिवशी मॅनेजर साक्षीला उभे राहिले, त्या दिवशी तिचा तोल गेला. ती मला नंतर म्हणाली, "पाणी प्यायला उठले गं. हंडा दाराशीच असतो. पेला ठेवला आणि वळले, तर मी बाकावर. बाहेरच्या नव्हे, आतल्या. पाय आपले रोजच्या वाटेनं गेले." पट्टेवाला दुसऱ्या कोर्टात निरोप घेऊन गेला होता. मी पुढच्या रांगेत होते, मला मागचं काही दिसलं नाही. बसल्यावर तिच्या लक्षात आलं. उठून जायला हवं होतं. पण मॅनेजर नेमकं पाटीबद्दलच सांगत होते, आणि आत्याला उठवेना. ती शेवटपर्यंत बसून राहिली.

मग तिची साक्ष झाली. डबा, लाल कापड, खाली ओढलेला स्विच, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. आमच्या वकील बाई समाधानानं खाली बसल्या आणि सरकारी वकील उलटतपासणीला उठले. तिला पहिल्यांदा कोर्टात आणणारा तो रफूचा गाऊन यांचाच, तेव्हा ते अजून सरकारी वकील झाले नव्हते. अंगावर आजही तोच होता.

"बाई, तुम्ही आरोपीच्या कोण?"

"थोरली बहीण."

"तुम्ही या कोर्टात नेहमी येता. आम्ही सगळेच तुम्हाला ओळखतो. मॅनेजरसाहेबांची साक्ष झाली, त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

आमच्या वकील बाई अर्धवट उठल्या. सरकारी वकिलांकडे त्यांच्या स्वतःच्या आठवणीपलीकडे काही नव्हतं, हे मला नंतर कळलं. बाहेर होते म्हणाली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती.

"आत होते," आत्या म्हणाली. "शेवटच्या बाकावर. बसायला नको होतं."

"सगळी साक्ष ऐकलीत?"

"सगळी. मध्ये तुम्ही चष्मा शोधत होता, तो तुमच्या कपाळावरच होता. तेही बघितलं."

कोर्टात हसू फुटलं. सरकारी वकीलही हसले, पण त्यांचं काम झालं होतं. आणखी काही विचारायचं नाही, असं म्हणून ते बसले. बाबा हसले नाहीत.

घरी आल्यावर ते आत्याला एवढंच म्हणाले, "ताई, तुला माझ्यापेक्षा तो बाक जास्त आहे." रोज कामावरून येताना ते तिच्या दुकानात, त्या डगमगत्या स्टुलावर बसून चहा घ्यायचे. ते बंद झालं. ते दुकानावरून जायचे, आणि ती दिव्याखाली मान घालून टाके घालत राहायची. मला दोघांचाही राग यायचा. एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला ऐकल्याशिवाय राहवत नाही, असल्या घरात माणसानं करायचं काय?

निकाल लागला. बाबा निर्दोष सुटले. आईनं हात जोडले, माझ्या जिवात जीव आला, वकील बाई अभिनंदन म्हणाल्या. बाबा मात्र त्यांच्यासमोर तसेच उभे.

"पाटी लावली होती, असं म्हणाले का न्यायाधीश साहेब?"

"नाही, तसं नाही म्हणाले. तुमच्या बहिणीनं दुसऱ्याची साक्ष ऐकलेली होती, म्हणून तिची साक्ष त्यांनी बाजूला ठेवली."

"मग पाटी नव्हती, असं म्हणाले?"

"तेही नाही. मॅनेजरनं पोलिसांना एक सांगितलं आणि इथे दुसरं. त्यामुळे तुमच्याविरुद्धचं काही नक्की सिद्ध होत नाही म्हणाले. संशयाचा फायदा. अहो, सुटलात ना तुम्ही!"

"सुटलो," बाबा म्हणाले. पण त्यांचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता. कंपनीनंही तेच धरलं. संशयाचा फायदा म्हणजे संशय आहेच की, असं त्यांचे साहेब म्हणाले आणि गोदामाच्या किल्ल्या बाबांकडेच ठेवल्या. खटला जिंकून माणूस इतका कडू तोंडानं घरी येऊ शकतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

थोड्याच दिवसांत बेलीफ दारात आला. चित्रकलेच्या बाईंनी दिवाणी दावा लावला होता, नुकसानभरपाईचा. बिल्डिंगवर आणि बाबांवर, दोघांवर. आई हबकली. "एकदा सुटले ना हे? आता परत कसला खटला?" आईसाठी मी आत्याकडे गेले. आत्यानं सुईतून दोरा ओढून घेतला आणि म्हणाली, "हा शिक्षेचा नाही. हा त्या बाईंचा आहे, त्यांच्या हाताचा. आणि इथे सिद्ध होत नाही म्हणून मोकळं होता येत नाही. काय घडलं असावं, ते एक काहीतरी ठरवावंच लागतं." मग ती म्हणाली, "तुझ्या बाबाला सांग, इथे पाटीचा प्रश्न लिहून काढतील. पाटी होती की नव्हती. आणि त्याखाली उत्तरही लिहावं लागेल."

मी सांगितलं. बाबांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या मजल्यावरच्या कोर्टात खरंच तसंच झालं. दिवाणी न्यायाधीश बाईंनी सुरुवातीलाच प्रश्न लिहून काढले. पाटी लावली होती का? स्विच बंद केला होता का? तो परत कुणी चालू केला? इजेला कोण किती जबाबदार? सरकारचा इथे पत्ताच नव्हता. चित्रकलेच्या बाई आता पहिल्या खुर्चीत होत्या, दाव्याच्या धनीण. आमच्या वकील बाईंनी बाबांना आणि आत्याला बजावलं, साक्षीबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलू नका. त्याची गरजच नव्हती. दोघं एकमेकांशी कशाबद्दलच बोलत नव्हते.

यावेळी आत्या बाहेरच्या बाकावरून हलली नाही. पाणी घरून बाटलीत आणायची. दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायची, शिक्षा केलेल्या पोरीसारखी. पट्टेवाल्याला तिनंच सांगून ठेवलं होतं, "मी उठले, तर मला हाताला धरून परत बसव." तो बिचारा दर थोड्या वेळानं डोकावून खात्री करून घ्यायचा.

फौजदारीत बाबांनी साक्ष दिलीच नव्हती. आरोपीनं बोललंच पाहिजे असं नसतं. इथे मात्र ते उभे राहिले. पाटीचं सांगितलं, स्विचचं सांगितलं. मग बिल्डिंगचे वकील उठले. बिल्डिंगला आपल्या अंगावरचं बाबांवर ढकलायचं होतं, आणि या गृहस्थांनी लिफ्टच्या कामाची माहिती काढलेली होती.

"स्विच बंद केल्यावर पेटीला कुलूप घालायचं असतं ना? दुसऱ्या कुणी तो चालू करू नये म्हणून?"

"हो."

"तुम्ही घातलं होतं?"

मला हा प्रश्न नवा होता. खाली कुणी विचारलाच नव्हता. सरकारी वकील आत्याच्या बाकाच्या कबुलीवरच खूश होऊन बसले होते, नाहीतर त्यांनी तिला तो नक्की विचारला असता. बाबांनी कठडा घट्ट धरला. आमच्या वकील बाईंकडे पाहिलं नाही. चित्रकलेच्या बाईंच्या हाताकडे पाहिलं.

"नव्हतं घातलं," ते म्हणाले. "कुलूप दुसऱ्या पिशवीत राहिलं होतं. लगेच परत यायचं, म्हणून तसाच गेलो."

आमच्या वकील बाईंनी डोळे मिटून घेतले. बिल्डिंगचे वकील खुशीत बसले. आणि पट्टेवाल्यानं दार उघडून आत्याला हाक मारली.

तो वेळ मी कधी विसरणार नाही. बाबांनी काय सांगितलं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिला नव्हतं. ती आत आली, शपथ घेतली, डबा, लाल कापड, स्विच, सगळं पूर्वीसारखंच सांगितलं. बिल्डिंगचे वकील पुन्हा उठले.

"मागच्या खटल्यात तुम्ही आत बसून दुसऱ्याची साक्ष ऐकली होती?"

"ऐकली होती."

"आणि आज?"

"आज बाहेर होते. पट्टेवाल्याला विचारा, त्यानं राखण केलीय माझी."

"बरं. तुमच्या भावानं स्विचच्या पेटीला कुलूप घातलं होतं, की नव्हतं?"

आत्यानं बाबांकडे पाहिलं. सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भाऊ काय बोलून गेलाय? घातलं होतं म्हणाला असेल, तर माझ्या तोंडानं तो खोटा पडेल. आधीच एकदा मी त्याचं वाटोळं केलंय. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, खरं सांग, आत्या, बाबांनी खरंच सांगितलंय! जीभ चावून मी बसून राहिले. बाबांनी तर मानच खाली घातली होती, आपल्याकडून डोळ्यानंही काही खूण जाऊ नये म्हणून.

"इकडे बघून उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाल्या.

"नव्हतं," आत्या म्हणाली. "पेटीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी त्याला म्हटलंसुद्धा, कुलूप कुठाय रे? तर म्हणाला, दुसऱ्या पिशवीत राहिलं, हा गेलो आणि हा आलो."

बिल्डिंगच्या वकिलांच्या चेहऱ्यावरची खुशी जरा उतरली. आपण काय करून बसलो, ते बहुधा त्यांना तेव्हा कळलं. न्यायाधीश बाईंनी लिहिणं थांबवलं आणि स्वतः विचारलं, "याच प्रश्नाला तुमच्या भावानं काय उत्तर दिलं, ते तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. मी बाहेर होते ना," आत्या म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. भावाला आपण बुडवलं, अशीच तिची समजूत झाली होती. तिला पुन्हा साक्षीला बोलावलं जाऊ शकतं, म्हणून निकालापर्यंत ती समजूत दूर करायची मला परवानगी नव्हती. वकील बाईंनी मला नुसतं डोळ्यांनी दटावलं होतं.

पुढे मॅनेजरांची साक्ष झाली, वॉचमनची झाली. वॉचमननं सांगितलं, मॅनेजर स्विच चालू कर म्हणाले, म्हणून मी केला. लाल कापडाबद्दल विचारल्यावर तो इतका वेळ छताकडे बघत राहिला, की न बोलताच बोलल्यासारखं झालं.

निकाल ऐकायला साक्षीदारांनाही मुभा असते. आत्या आत आली आणि शेवटच्या बाकावर बसली. बाबा पुढे आमच्या वकील बाईंशेजारी बसलेले होते. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, मग उठले, आणि मागे येऊन आत्याच्या शेजारी बसले. आत्या नुसती जरा खिडकीकडे सरकली.

न्यायाधीश बाईंनी प्रश्न एकेक करून वाचले. पाटी लावली होती का? लावली होती. स्विच बंद केला होता का? केला होता. कारणही त्यांनी वाचून दाखवलं. भाऊ आणि बहीण यांनी एकमेकांचं न ऐकता, स्वतःला अडचणीचं असूनही कुलूप न घातल्याचं सारख्याच शब्दांत सांगितलं. इथे जे खरं बोलले, ते पाटीबद्दलही खरं बोलत असण्याचा संभव अधिक. पाटी काढून स्विच चालू करायला लावला बिल्डिंगनं, म्हणून भरपाईचा मोठा वाटा बिल्डिंगचा. पण कुलूप घातलं असतं तर हे घडलं नसतं, म्हणून लहान वाटा माझ्या बाबांचा.

म्हणजे आम्ही हरलो होतो. आणि बाबा दोन्ही हातांनी तोंड झाकून, खांदे हलवत, आनंदानं रडत होते. "लावली होती म्हणाल्या, ताई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "लावली होती." आत्या त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती, आणि स्वतःच्या गालावरचं पुसायचं तिला सुचत नव्हतं.

कोर्ट उठलं. माणसं पांगली. चित्रकलेच्या बाई आपले कागद डाव्या हातानं पिशवीत भरत एकट्याच खोळंबल्या होत्या. बाबा उठले. वकील बाईंकडे त्यांनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा. आता बोलायला हरकत नाही."

बाबा बाकांच्या मधून चालत पुढे गेले आणि त्या बाईंसमोर उभे राहिले. इतकी वर्षं रस्ता ओलांडून पलीकडे जाणारा हा माणूस आता काय बोलणार, हे ऐकायला माझे कान टवकारले. बाई पिशवी ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. एवढ्यात माझा दंड कुणीतरी धरला.

"चल," आत्या म्हणाली. "बाहेर चल."

"अगं थांब ना! बाबा बोलतायत."

"म्हणूनच चल."

तिनं मला ओढतच बाहेर आणलं आणि कॉरिडॉरमधल्या लाकडी बाकावर बसवलं. दार उघडंच होतं. आतून बाबांचा आवाज यायला लागला होता, शब्द कळत नव्हते. एक पाऊल मागे सरकलं असतं, तर कळले असते. मी आत्याकडे बघितलं. परक्या माणसांच्या भिंतीसाठी दिवस दिवस बसून राहिलेली ही बाई, आणि सख्ख्या भावाचं ऐकायचं नाही म्हणते?

"तुला ऐकावंसं वाटत नाही, आत्या?"

"वाटतंय गं. फार वाटतंय," ती म्हणाली. "पण हे कोर्टातलं नाही. ते त्या दोघांचं आहे."

मग ती उठली, दार हलकेच लोटून घेतलं, आणि भिंतीकडे तोंड करून माझ्या शेजारी येऊन बसली.